दोन श्रावण, एक सवारी



उज्जयिनीच्या महाकालेश्वराचे आजचे मंदिर राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात उभारविले, ही गोष्ट सारस्वत समाजास अभिमानास्पद आहेच. परंतु देवालय एक पुरुष बांधू शकतो; देवाचा उत्सव मात्र साऱ्या नगरीस चालवावा लागतो.

माळव्यातील महिना पौर्णिमेस संपतो, मराठी घरांतील अमावास्येस. त्यामुळे एकाचा श्रावण राखीपौर्णिमेस सरतो, तेव्हा शेजाऱ्याचा अर्धाच झालेला असतो. उज्जयिनीने दोन्ही श्रावण मानले. महाकालाची सोमवारची पालखी माळव्याच्या श्रावणात सुरू होते आणि मराठी श्रावण पुरा होईतो निघत राहते. क्षिप्रेच्या रामघाटावर पूजन होऊन परततांना ती बायजाबाई शिंदे यांनी एकोणिसाव्या शतकात बांधविलेल्या गोपाळ मंदिरापाशी थांबते. वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री तर महाकाल स्वतः गोपाळाच्या भेटीस येतो. तेव्हा हराची बिल्वमाला हरीस आणि हरीची तुळशीमाला हरास अर्पण होते.

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली. १९४८ साली संस्थानही मध्यभारतात विलीन झाले. राजाश्रय सरला, तरी सवारी चालू राहिली; कारण पेठापेठांतील रहिवाशांनी ती आपली मानली.

देवस्थानाच्या महाजनांनी यातून घेण्यासारखा बोध एवढाच की, मानाचा हक्क दप्तरी नोंदला जातो खरा. पण शेजाऱ्याच्या तिथीस आपल्या उत्सवात जागा दिली, तरच तो उत्सव पिढ्यान्‌पिढ्या चालतो.