दम्याचे औषध लागू पडत नाही तेव्हा

(गिरणगावातील एका सभेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय वैद्यकाचा वाटेल. वस्तुतः तो हक्काचा आहे. परळ, लालबाग, भायखळा, शिवडी या भागांतील चाळींत असे अनेक वृद्ध आढळतात, की ज्यांना वर्षानुवर्षे धाप लागते, जिना चढवत नाही. दम्याची औषधे चालू असतात, परंतु उतार पडत नाही. घरचे म्हणतात, वय झाले. शेजारी म्हणतात, बिडीने छाती गेली. “तुम्ही गिरणीत कोणत्या खात्यात होता?” असे मात्र क्वचितच कोणी विचारतो. माझ्या मते सारे काही याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

कापसाच्या गाठी ब्लो रूममध्ये फोडल्या जातात, कार्डिंग खात्यात कापूस पिंजला जातो आणि पुढे रिंग खात्यात सूत निघते. या खात्यांतील धुळीत केवळ तंतू नसतात; वाळक्या पानांचा चुरा व जंतूंचे विषारी अंशही असतात. ती धूळ दीर्घकाळ छातीत गेल्याने जो विकार जडतो, त्यास बिसिनोसिस असे नाव आहे. त्याची खूण ध्यानात ठेवा. आरंभी सुटीनंतर सोमवारी पाळीवर गेले की छाती आवळते आणि मंगळवारी मोकळी होते. पुढे हा त्रास आठवडाभर राहतो. अखेरीस सुटीतही राहतो आणि गिरणी सुटल्यावरही सुटत नाही. प्रारंभीच धुळीपासून दूर केल्यास माणूस सुधारतो. शेवटच्या अवस्थेत झालेली हानी औषधाने भरून येत नाही.

क्ष-किरणांच्या चित्रात या विकाराची स्वतंत्र अशी खूण उमटत नाही. म्हणून रोग्याच्या कामाचा इतिहास हाच मुख्य पुरावा ठरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना वर्षानुवर्षे तपासून हा विकार फुप्फुसांच्या इतर जुनाट विकारांहून वेगळा कसा ओळखावा, याचा अभ्यास डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये मुंबईच्या एका गिरणीतील पाहणीही प्रसिद्ध झाली. ज्ञान नव्हते, असे म्हणण्यास जागा नाही. ते ज्ञान चाळीच्या खोलीपर्यंत पोहोचले नाही, एवढेच.

आता आपल्या समाजापुरते पाहू. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विटाळाचे निमित्त करून विणाई खात्याचे दार आपल्या वाडवडिलांना बंद ठेवण्यात आले. अधिक वेतनाचे ते खाते गेले आणि रिंगसारखी कमी वेतनाची खाती वाट्यास आली. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हे दार उघडण्याची मागणी ठेवली, ती याचसाठी. धुळीने जात विचारली नाही. त्या खात्यांतील सर्व जातींचे कामगार आजारी पडले, हे खरे. तथापि कोणी कोणत्या खात्यात उभे राहावे, हे ठरविताना जात विचारली गेली होती.

कायदा काय म्हणतो? बाबासाहेब मजूरखात्याचे प्रमुख असताना, १९४४ मध्ये, प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सरकारला सादर केला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. या कायद्याच्या व १९२३ च्या भरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत बिसिनोसिसचा समावेश झाला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. अर्थात हा केवळ दम्याचा आजार नव्हे, कामावर झालेली इजा आहे, असे कायदाच मानतो. परंतु केसपेपरवर “दमा” एवढाच शब्द असेल, तर कायदा कोणाच्या कामी येणार?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : चालू औषध स्वतःहून बंद करू नका, खोकला जुना असल्यास क्षयाची तपासणीही करून घ्या. मात्र डॉक्टरांना खाते, वर्षे आणि सोमवारचा त्रास सांगा, तो केसपेपरवर लिहून घ्या आणि नळीत फुंकून करावयाची फुप्फुसाची तपासणी मागा. दुसरी : म्हाडाच्या घरासाठी जमविलेले गिरणीचे ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचे कागद व विमा कार्ड जपून ठेवा, तेच कागद येथेही साक्ष देतील. तिसरी : दावा लांबवू नका. मुदतीची अडचण येते. विलंबाचे पुरेसे कारण दाखवावे लागते. बंद पडलेल्या गिरणीकडून वसुली सोपी नाही, आणि यश निश्चित आहे असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. तरी कापसाची धूळ संपलेली नाही. भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांत आणि विदर्भातील जिनिंगमध्ये आपले तरुण आजही ती श्वासावाटे घेत आहेत. त्यांना आजच सोमवारची खूण सांगितली, तर त्यांची फुप्फुसे वाचतील. वृद्धांची गेलेली छाती परत येणार नाही. परंतु ती कशाने गेली, हे कागदावर खरे लिहिले जावे, हा त्यांचा हक्क आहे. तो बजावण्यास आजच्या घरी आजच प्रारंभ करा. वडील, आजोबा, आजी यांच्याजवळ बसा आणि विचारा : तुम्ही कोणत्या खात्यात होता?

जय भीम!