फाटकाच्या आंत आणि फाटकाबाहेर



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. बंदूक मीं आयुष्यांत कधीं हातीं धरलेली नाहीं. गांधीबागेंतील कापडबाजाराशेजारीं राहणाऱ्या माणसास बंदूक दिसते ती बहुधा बँकेच्या दाराशीं बसलेल्या पहारेकऱ्याच्या मांडीवर. तरीहि शस्त्रबंदीसारख्या विषयावर बोलण्याचें धाडस आज मी करीत आहें, तें माझ्या एका विद्यार्थ्यामुळें.

मुलगा सातव्या इयत्तेंतला. एके दिवशीं त्याच्या दप्तरांत, वह्यांच्या खालीं, रुमालांत गुंडाळलेला चाकू सांपडला. शाळेंत हत्यार आणावयाचें नाहीं, हें मीं त्याला मास्तरी सुरांत बजावलें. तो रडला नाहीं, उलट बोलला नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें, "सर, तुमचा नियम फाटकापर्यंत आहे. फाटकाच्या बाहेर कोणाचा आहे?" घरीं जाण्याच्या वाटेवर कांहीं टवाळ पोरें त्याला रोज अडवीत आणि मारीत, हें मला मागाहून समजलें. चाकू मीं काढून घेतला. उत्तर मात्र त्या दिवशीं मला देतां आलें नाहीं. आजचें हें भाषण म्हणजे त्या उत्तराचा उशिरां केलेला प्रयत्न आहे, असें समजावें.

शाळा, न्यायालय, मतदानकेंद्र, देऊळ अशा जागीं कोणीहि शस्त्र नेऊं नये, असा निर्बंध घालावा कीं नाहीं, यावर जगांत मोठा वाद चालूं आहे. अमेरिकेंत तो फारच तीव्र आहे. त्या देशाच्या घटनेंत १७९१ सालीं झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीनें शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केलेला आहे. तेथें १९९० सालीं शाळेपासून एक हजार फुटांच्या आंत बंदूक बाळगण्यास मनाई करणारा कायदा झाला. १९९५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला आणि पुढच्याच वर्षीं तो कांहीं फेरबदलांसह पुन्हां करण्यांत आला. २०२२ सालीं त्याच न्यायालयानें घराबाहेर बंदूक बाळगण्याचा हक्क उचलून धरला. परंतु शाळा व सरकारी इमारतींसारख्या नाजूक जागा वगळण्यास हरकत नाहीं, हेंहि मान्य केलें. या निर्बंधाच्या विरोधकांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं दारावरची पाटी सज्जन वाचतो आणि दुर्जन वाचीत नाहीं. म्हणून अशा पाटीनें सज्जन तेवढा निःशस्त्र होतो. माझ्या विद्यार्थ्यानें अमेरिकेचें नांवहि धड ऐकलेलें नसेल, पण त्याचा प्रश्न हाच होता. तेव्हां हा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

हा वाद आपल्याला परका वाटतो. निदान नागपूरकरांस तरी तो परका वाटूं नये. कारण या शहरानें त्याच्या दोन्ही बाजू अनुभवलेल्या आहेत.

१९२३ सालीं राष्ट्रीय झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्यें शिरण्यास येथील सरकारनें मनाई केली आणि त्यांतून झेंडा सत्याग्रह उभा राहिला. जमनालालजी बजाज तुरुंगांत गेले, त्यांच्यामागून वल्लभभाई पटेलांनीं सूत्रें हातीं घेतलीं आणि देशांतील निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवकांच्या तुकड्या येथें येऊन दाखल झाल्या. त्यांच्या हातीं झेंड्याच्या काठीखेरीज दुसरें कांहीं नव्हतें. अखेर ऑगस्ट महिन्यांत झेंड्याची मिरवणूक त्याच मनाई केलेल्या रस्त्यानें पार गेली.

यानंतर चारच वर्षांनीं, म्हणजे १९२७ सालीं, मंचरशा आवारी यांनीं याच नागपुरांत वेगळा प्रयोग केला. लोक त्यांना 'जनरल आवारी' म्हणत. शस्त्रांचा कायदा उघडपणें मोडावयाचा म्हणून ते व त्यांचे साथीदार तलवारी घेऊन मिरवणुकीनें निघाले. माझे आजोबा त्या वेळीं पंधरा-सोळा वर्षांचे होते. नंगी तलवार भर रस्त्यांत पाहून अंगावर कांटा उभा राहिला, असें ते म्हातारपणींहि सांगत. आणि सांगतांना त्यांची पाठ ताठ होई. आवारींना तुरुंगवास घडला, तेथें त्यांनीं दीर्घ उपोषण केलें. त्यांच्या त्यागाविषयीं कोणासहि शंका नव्हती. पण गांधीजींनीं या चळवळीस पाठिंबा दिला नाहीं. सत्याग्रह आणि तलवार यांची सांगड बसत नाहीं, असें त्यांचें मत पडलें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्या कायद्याविरुद्ध आवारी उभे राहिले, तो लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं झालेला. गोऱ्या माणसास त्याची झळ नव्हती. देशी माणसास मात्र परवान्यासाठीं साहेबाच्या दारीं जावें लागे. खुद्द गांधीजींनीं १९१८ सालीं, सैन्यभरतीसाठीं काढलेल्या पत्रकांत, साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांपैकीं सर्वांत काळा ठरेल अशा आशयाचे उद्गार काढले होते. मग त्याच गांधीजींनीं १९२७ सालीं आवारींची तलवार कां नाकारली? मला यांत विसंगति दिसत नाहीं. दुसऱ्यानें आपल्या हातांतून शस्त्र हिसकावून घेणें हा अपमान आहे. आपण सर्वांनीं मिळून तें खालीं ठेवणें हा करार आहे. दिसावयास दोन्ही हात सारखेच रिकामे. पण त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

स्वराज्य आल्यावर हा करार लेखी झाला. १९३१ च्या कराची काँग्रेसनें, नियमांस अनुसरून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत गणला होता. त्याचाच आधार घेऊन १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधि ह. वि. कामत यांनीं तसा हक्क घटनेंत घालावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. वाटेल त्यानें बाजारांत जाऊन वाटेल तें हत्यार विकत घ्यावें, असा हक्क दिला तर राज्यकारभार चालावयाचा कसा, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आणि घटनेच्या १९ व्या अनुच्छेदांत आपल्याला सभा भरविण्याचा जो हक्क मिळाला, तो शांततेनें आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. शीख बांधवांच्या कृपाणास २५ व्या अनुच्छेदांत स्पष्ट मोकळीक आहे. बाकी प्रत्येक भारतीय सभा ही जन्मतःच शस्त्रबंदीची जागा आहे. अमेरिकेंत ज्या जागा वेंचून वगळाव्या लागतात, त्या आपल्याकडे मुळांतच वगळलेल्या आहेत.

हें सगळें मला अभिमानाचें वाटतें. परंतु करार म्हटला कीं त्यास दोन बाजू असतात. नागरिकानें शस्त्र खालीं ठेवावें, तर राज्यानें त्याला राखावें. ही दुसरी बाजू ढिली पडली म्हणजे काय होतें, तेंहि आपल्याच गांवानें पाहिलेलें आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजीं नागपूरच्या जिल्हा न्यायालयांत, भर दिवसां, कस्तुरबानगरांतील एका कुख्यात गुंडास जमावानें ठार मारलें. पोलिसांकडे वर्षानुवर्षें दाद लागली नाहीं, अशी त्या वस्तींतील स्त्रियांची तक्रार होती. ज्यांच्यावर खटले भरले, ते पुढें पुराव्याअभावीं सुटले. कायद्याच्या मंदिरांत हत्यार कसें शिरलें, असें लोक विचारीत. माझ्या मतें तें त्या दिवशीं शिरलें नाहीं. ज्या दिवशीं पहिली तक्रार परत पाठविली गेली असेल, त्याच दिवशीं त्याची वाट मोकळी झाली.

आणि शस्त्र जवळ असलें म्हणजे माणूस सुरक्षित होतो, या समजुतीचीहि परीक्षा झालेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें उल्हासनगरांतील पोलीस ठाण्यांत, अधिकाऱ्याच्या दालनांतच, गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या प्रकरणीं एका आमदारास अटक झाली. भोंवतीं सशस्त्र पोलीस असतांना हें घडलें. रागाच्या एका क्षणाला हातांत पिस्तूल मिळालें, तर शेजारचीं दहा पिस्तुलें त्याला थोपवूं शकत नाहींत.

मग करावें काय? आपला आजचा कायदा १९५९ चा. त्याअन्वयें परवाना देण्यापूर्वीं पोलिसांचा अहवाल मागवावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतात. लग्नाच्या वरातींत हौसेखातर बेफिकिरीनें गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊं शकतें. कायदा कागदावर सैल नाहीं. सैल आहे तो परवाना देणारा हात. डिसेंबर २०२४ मध्यें बीड जिल्ह्यांत मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. ती बंदुकीनें झालेली नव्हती; पण तिच्या निमित्तानें त्या एका जिल्ह्यांत बाराशेंहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचें उघडकीस आलें, आणि मग प्रशासनास त्यांतील कित्येक रद्द करावे लागले. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याची गरज मला कळते. बँकेच्या पहारेकऱ्याचीहि कळते. कमरेला पिस्तूल लावून पंगतींत मिरविणाऱ्याची गरज मात्र मला कळत नाहीं. तो परवाना प्रतिष्ठेचा आहे, आणि त्याच्याकडे पाहून गल्लींतलें पोर देशी कट्टा शोधूं लागतें. कट्ट्याला परवाना लागत नाहीं. लागतो तो विकणारा आणि डोळेझांक करणारा.

ऑस्ट्रेलियांत १९९६ सालीं एका माथेफिरूनें ३५ माणसें मारल्यावर तेथील सरकारनें सुमारें साडेसहा लाख बंदुका लोकांकडून मोबदला देऊन परत घेतल्या. लोकांनीं त्या दिल्या. नुसत्या धाकानें एवढ्या बंदुका घराघरांतून बाहेर येत नाहींत. आपल्यामागें राज्य उभें आहे, हा विश्वासहि लागतो.

आतां माझ्या विद्यार्थ्याकडे वळतों. उत्तर सुचलें नाहीं, म्हणून दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत गेलों. तिसऱ्या दिवशींहि गेलों. मग आमचे ड्रिलमास्तर येऊं लागले. वाटेवरच्या पानवाल्यास सांगून ठेवलें; तो दुकानांतूनच पोरांवर नजर ठेवूं लागला. टवाळ पोरांपैकीं एकाच्या वडिलांस मीं गांठलें. ते आधीं रागावले आणि मग खालीं मान घालून बसले. पंधरवड्यानें तो मुलगा मला म्हणाला, "सर, उद्यांपासून नाहीं आलांत तरी चालेल."

चाकू माझ्या कपाटांत निवृत्त होईपर्यंत पडून होता. त्यानें तो पुन्हां कधीं मागितला नाहीं.