दुसरी भाषा की तिसरी?

दिल्लीत 'पब्लिक स्कूल' हा शब्द ऐकला की परगावच्या माणसाची हमखास गल्लत होते. नावात 'पब्लिक' असले, तरी ती शाळा सार्वजनिक नसते. भरपूर फी घेणारी ती खासगी शाळा असते. जी खरोखर सर्वांची, तिला राजधानीत साधेपणाने 'सरकारी स्कूल' म्हणतात. पहिल्या शाळेतील मूल बालवर्गापासून इंग्रजीत वावरते. दुसऱ्या शाळेतील बहुतेक मुलांना इंग्रजी हा वेळापत्रकातील एक तास असतो. घंटा झाली की तास संपतो आणि इंग्रजीही संपते. पुढे मात्र ही दोन्ही मुले एकाच महाविद्यालयाच्या आणि एकाच कचेरीच्या दाराशी येऊन उभी राहतात. सरकारी शाळा आपल्या मुलाला इंग्रजी शिकताना कोणता आधार देते, हा प्रश्न म्हणूनच केवळ अभ्यासक्रमाचा राहत नाही. त्या दारातून आत कोणी जावे आणि बाहेर कोणी राहावे, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

कागदोपत्री या मुलांची पहिली भाषा हिंदी आणि दुसरी इंग्रजी. परंतु शाळा सुटल्यावर फाटकाशी क्षणभर थांबून मुलांची आयांशी चाललेली बोलणी ऐकावीत. कोणी भोजपुरी बोलतो, कोणी मैथिली, कोणी गढवाली, कोणी हरियाणवी, कोणी बांगला. पोटापाण्यासाठी राजधानीत आलेल्या कुटुंबांची ही लेकरे. त्यांत आपली मराठी मुलेही आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर-विटा भागातून सोने-चांदी गाळण्याचा गलाई व्यवसाय घेऊन देशभर पांगलेल्या कुटुंबांपैकी काही करोलबागेत स्थिरावली आहेत. अशा घरातील मूल घरी मराठी बोलते, गल्लीत पंजाबी वळणाची हिंदी ऐकते, वर्गात पुस्तकी हिंदी वाचते आणि मग इंग्रजीला सामोरे जाते. पहाडगंजच्या नूतन मराठी विद्यालयासारखी सावली सर्वांनाच लाभते असे नाही. सारांश, ज्या भाषेला शाळा दुसरी म्हणते, ती अनेकांच्या लेखी तिसरी असते. आणि जिच्यावर उभे राहून ती शिकायची, ती हिंदीही पुरती पायाखाली आलेली नसते.

याचा प्रत्यय २०१६ साली आला. दिल्लीत पाचवीपर्यंतचे बरेचसे शिक्षण महापालिकेच्या शाळांत होते. सहावीला ही मुले शिक्षण संचालनालयाच्या शाळांत येतात. त्या वर्षी संचालनालयाने आपल्या सहावीच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा शंभरांपैकी सुमारे ७४ मुलांना स्वतःच्या हिंदी पाठ्यपुस्तकातील परिच्छेद नीट वाचता येत नसल्याचे आढळले. इंग्रजीची स्थिती याहून बरी नव्हती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नव्हते. त्यामुळे पहिली चाळणी लागे ती नववीत, आणि तेथे जवळजवळ निम्मी मुले अडकून पडत. त्यांतील कित्येक पुन्हा शाळेत येतच नसत.

त्याच वर्षी 'चुनौती' नावाची योजना आली. इयत्ता तीच ठेवून मुलांचे गट वाचता येणारी आणि न येणारी असे करण्यात आले; शिक्षकांनीच 'प्रगती' नावाच्या सोप्या पूरक पुस्तिका तयार केल्या. २०१८ च्या उन्हाळ्यात 'मिशन बुनियाद' सुरू झाले आणि त्यात महापालिकेच्या शाळांतील लहान मुलेही आली. पद्धत 'प्रथम' या संस्थेने रूढ केलेली: मूल अक्षरापाशी अडले आहे, शब्दापाशी, परिच्छेदापाशी की गोष्टीपाशी, हे आधी पाहावयाचे आणि तेथूनच पुढे न्यावयाचे. गटांना 'निष्ठा' आणि 'प्रतिभा' अशी सुंदर नावे दिली होती. पण मुले काही दुधखुळी नसतात. 'निष्ठे'त बसविलेल्या मुलाला आपण तेथे का आहोत हे कळल्यावाचून राहत नाही. तज्ज्ञांनी या वर्गीकरणावर टीका केली, आणि ती अनाठायी नव्हती.

तरीही या खटाटोपात एक शहाणपण होते. बुनियादेचा सारा भर हिंदी वाचनावर आणि गणितावर होता. वरवर पाहता यात इंग्रजीला आधार कसला, असे वाटेल. पण वाचणे ही कला मनुष्य एकदाच शिकतो. कागदावरच्या खुणांतून अर्थ निघतो, हा साक्षात्कार ज्या मुलाला एका भाषेत झाला, त्याला दुसऱ्या लिपीत फक्त नव्या खुणा शिकाव्या लागतात. ज्याला तो झालाच नाही, त्याच्यापुढे इंग्रजी धडा ठेवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीऐवजी समुद्र दाखविण्यासारखे आहे.

पुढचे काम मात्र शिक्षकाच्या कानावर अवलंबून असते. बिहार-उत्तर प्रदेशाकडचे मूल 'इस्कूल' म्हणते, पंजाबी मूल 'सकूल' म्हणते. दोघांच्याही जिभेला आरंभीचे जोडाक्षर जड जाते. एक त्याच्या आधी स्वर लावतो, दुसरा मध्ये घुसवितो. मराठी मुलाला 'स्नान' आणि 'स्त्री' सवयीचे असल्यामुळे तेथे तो सहज निभावतो; याबद्दल त्याने फुशारकी मारू नये, कारण इंग्रजी वाक्यात 'ए' आणि 'द' कोठे घालावे, येथे तोही इतरांइतकाच चाचपडतो. नागरी लिपीत जसे लिहिले तसे वाचावयाचे असते. इंग्रजीत 'बट' आणि 'पुट' यांची मधली अक्षरखूण एकच, आणि उच्चार दोन! मराठीत 'मला भूक लागते', हिंदीतही भूक लागतेच. इंग्रजीत मात्र माणूस स्वतःच 'हंग्री' असतो. हा फरक हिंदीतून, भोजपुरीतून, मुलाच्या घरच्या बोलीतून दाखविला, तर दोन मिनिटांत उमगतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या याच वाटेने. दिल्ली विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ रमाकांत अग्निहोत्री यांनी १९९० नंतरच्या दशकात हाच विचार अधिक व्यापकपणे मांडला: वर्गातील अनेक भाषा ही अडचण नव्हे, ते शिकविण्याचे साधन आहे.

मात्र याचा अर्थ, शिक्षकाने इंग्रजीची एक ओळ वाचावी, हिंदीत अर्थ सांगावा आणि प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवून घ्यावीत, असा नव्हे. वर्गावर्गांतून दीर्घकाळ चालत आलेला प्रकार हाच. त्यात मूल इंग्रजी पाहते, हिंदी ऐकते आणि स्वतः काहीच बोलत नाही. घरची भाषा पुलासारखी वापरावयाची. पुलावरच बिऱ्हाड करावयाचे नाही.

बोलण्याची उणीव सरकारलाही जाणवली. २०१८ मध्ये दहावी झालेल्या मुलांसाठी इंग्रजी संभाषणाचे उन्हाळी वर्ग निघाले. २०२२ मध्ये दिल्लीच्या कौशल्य आणि उद्योजकता विद्यापीठामार्फत १६ ते ३५ वर्षे वयाच्या मंडळींसाठी तसाच अभ्यासक्रम जाहीर झाला. ९५० रुपये अनामत ठेवावयाची आणि हजेरी पुरी भरली की परत घ्यावयाची, अशी त्यात सोय होती. उपक्रम स्तुत्य खरा. पण पस्तिशीच्या माणसालाही ज्याची गरज भासावी, असे त्याच्या शाळेच्या दहा-बारा वर्षांत काय राहून गेले, हेही त्या वयोमर्यादेतून उघड होते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक शाळांतील चिनी मुलांचा असाच प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. शाळेचे म्हणणे, सर्वांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिले आहेत. १९७४ च्या 'लाऊ विरुद्ध निकल्स' या निकालात न्यायालयाने सांगितले, की ज्याला ती भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. त्यानंतर तेथील शाळांना अशा मुलांसाठी निराळी व्यवस्था करणे भाग पडले. दिल्लीची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या चिनी मुलाभोवती रस्त्यात आणि दुकानात इंग्रजी होती. दिल्लीच्या वस्तीतील मुलाला ती पाट्यांवर दिसते, कानी क्वचित पडते. म्हणून येथे शाळेचा तो एक तास अधिक मोलाचा ठरतो.

आणि त्या मुलाची घरची भाषा कोणती, याची नोंद कोठे सापडेल? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात, शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेने मात्र भोजपुरी, गढवाली, हरियाणवी या साऱ्या 'हिंदी' या एकाच शीर्षकाखाली जमा केल्या आहेत. सहावीच्या वर्गात 'इस्कूल' म्हणणारी मुलगी त्या हिशेबात हिंदीभाषकच ठरते. ती घरी काय बोलते, हे वर्गावरच्या शिक्षकाने तिलाच विचारले, तरच कळावयाचे.