पाळणा, पट्टा आणि उंची



गुरुजींच्या स्मृत्यर्थ बोलण्याचा मान आपण मला दिलात. विषय मात्र मी रुक्ष निवडला आहे : उंचावर काम करणाऱ्या माणसाचे पडणे. तिगावकरांना तो परका नाही. नागपूर-इटारसी लोहमार्गावर आपल्या स्थानकापुढे चिचोंड्याकडे घाट लागतो. तेथील 25,000 व्होल्टच्या तारांची निगा राखणारे कामगार टॉवर वॅगनच्या उचलत्या मंचावर उभे राहतात. आधी प्रवाह बंद, मग तारेला भूसंपर्क, आणि त्यानंतरच मंचावर पाऊल, असा तेथला दंडक आहे.

शहरांत अशी कामे आता बूम लिफ्टच्या पाळण्यातून होतात. पाळण्याला चहूकडे कठडा असताना पट्टा कशाला, असे जाणती माणसेही विचारतात. चाक खड्ड्यात गेले की जमिनीवरचा लहानसा हिसका त्या लांब हाताच्या टोकाशी कितीतरी पटींनी वाढतो आणि माणूस कठड्यावरून बाहेर भिरकावला जातो. गोटमारीच्या मुलखात गोफणीचे तत्त्व मी काय समजावून सांगावे! 1.8 मीटर पडायला सुमारे 0.6 सेकंद लागतात आणि तेवढ्यात वेग ताशी 21 किलोमीटर होतो. हाताने काही धरता येईल, ही आशाच व्यर्थ.

म्हणून दोरी आखूड हवी. माणूस पाळण्याबाहेर जाताच कामा नये. ती पाळण्यातल्या नेमलेल्या कडीलाच अडकवावी. शेजारच्या खांबाला बांधली आणि पाळणा हलला, तर तीच दोरी माणसाला बाहेर ओढील. नुसता कमरपट्टाही नको. त्याचा सारा हिसका पोटावर आणि कण्यावर बसतो. खांदे, छाती व मांड्या यांवर भार वाटून घेणारा पूर्ण पट्टाच हवा.

पण पट्ट्याने सारे साधते असेही नाही. 10 सप्टेंबर 2023 रोजी ठाण्यात बाळकुम येथे चाळीस मजली इमारतीच्या बांधकामाची लिफ्ट कोसळून सात मजूर दगावले. लिफ्टच खाली आली, तर तिला बांधलेला पट्टा काय करणार? यंत्राची तपासणी हे मालकाचे आणि कंत्राटदाराचे काम आहे; मजुराला निष्काळजी ठरवून ते टाळता येत नाही.

पट्ट्याला लोंबकळत राहिलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते व काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. यंत्राच्या तळाशी पाळणा खाली आणण्याची वेगळी कळ असते. काम सुरू होण्यापूर्वी खाली थांबणाऱ्या दोघांकडून तरी ती एकदा चालवून घ्यावी.