कचेरीवाचून व्यवहार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी पाहुणीने मंडळाची स्तुती करावी असा रिवाज आहे. ती माझ्या आधी बोललेल्या भगिनींनी पोटभर केली आहे, तेव्हा मी सरळ विषयाला हात घालते. आपल्यापैकी पुष्कळजणी घरी बसून चार पैसे मिळवतात. कोणी मसाले करते, कोणी शिवणकाम, कोणी डबे देते, कोणी इतरांचे हिशेब लिहिते. माल चोख असतो आणि कष्टाला आपण कमी नाही. पण व्यापाऱ्याशी बोलणी करायची वेळ आली की प्रश्न पडतो, त्याला बोलवायचे कोठे?

घरीच बोलवावे असे सहज वाटते. घराला निराळे भाडे पडत नाही. पण मला विचाराल, तर घरची बैठक हीच सगळ्यांत महाग. व्यापारी येतो, कोचावर टेकतो, आत कुकरची शिट्टी होते, सासूबाई ‘कोण आलंय गं?’ म्हणून विचारतात आणि आपण चहा-चिवडा पुढे ठेवतो. झाले, तो पाहुणा झाला! आता पाहुण्याला ‘मागची बाकी आधी द्या’ असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्यालाही वाटते, वहिनींचा हा फावल्या वेळचा उद्योग, किलोमागे दहा रुपये कमी दिले म्हणून काय बिघडले? महिन्याला पन्नास किलो मसाला जात असेल, तर ते दहा रुपये वर्षाला सहा हजार होतात. ते कोणाच्याच वहीत लिहिलेले नसतात. त्याच्या दुकानी जावे, तर गल्ल्यापाशी उभे राहून, गिऱ्हाइकांच्या मधूनमधून बोलावे लागते. तेही आपल्या सोयीचे नव्हे.

पुरुषांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला, आणि तोही कचेरी न बांधता. लंडनमध्ये १६८८ च्या सुमारास एडवर्ड लॉइड याच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे मालक आणि व्यापारी जमत. त्यातूनच पुढे लॉइड्स ही विम्याची जगप्रसिद्ध बाजारपेठ उभी राहिली. आपल्या मुंबईचे शेअरदलाल १८५० नंतरच्या काळात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली सौदे करीत. त्यांची रीतसर संस्था १८७५ साली निघाली. झाडाला भाडे नव्हते. बायकांना मात्र वडापाशी दोरा गुंडाळण्यापुरतीच जागा!

तरी आपल्यातही उदाहरण आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती एका इमारतीच्या गच्चीवर. लिज्जत पापडाची ही हकिगत तुम्ही ऐकली असेल. मला त्यातली गच्ची महत्त्वाची वाटते. ती कोणा एकीचा दिवाणखाना नव्हती.

आता आपल्या गावात, थोड्या पैशांत काय जमेल ते पाहू. उडुपी हॉटेलात सकाळच्या इडली-डोशाची गर्दी ओसरल्यावर आणि जेवणाची सुरू होण्याआधी तासभर निवांत मिळतो. भिंतीकडचे टेबल घ्यावे, काही मागवावे, आणि तासापेक्षा अधिक वेळ अडवून बसू नये. मालकाच्या पोटावर पाय आणून आपला धंदा कशाला? एक युक्ती सांगते. आपण दहा मिनिटे आधी जावे आणि बिल आपल्याकडेच द्यायचे असे गल्ल्यावर सांगून ठेवावे. ज्याने बोलावले आणि ज्याने पैसे दिले, बैठक त्याची, हे समोरचा न सांगता ओळखतो. दोन कॉफ्यांत एवढा मान दुसरीकडे मिळत नाही.

चार-पाच माणसे असतील, नमुने मांडायचे असतील, तर हॉटेल अपुरे पडते. सार्वजनिक वाचनालयाला बहुधा व्याख्यानांचे एक दालन असते आणि ते दुपारी रिकामे असते. तेथे विक्री मांडू देणार नाहीत, पण बैठकीसाठी लेखी अर्ज केला तर विचार होतो. मंगल कार्यालयांचे तर आपल्याला पंचांगच पाठ आहे! चातुर्मासात आणि पौषात मुहूर्त नसतात, तेव्हा वधूपक्षाची खोली दोन तासांपुरती मागून पाहावी. मालक घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत असतो. शहरात आता तासावर खोल्या देणारी कोवर्किंगची ठिकाणे झाली आहेत. टेबल, पंखा, इंटरनेट सगळे मिळते. मात्र सांगितलेल्या भाड्यावर वर १८ टक्के जीएसटी पडतो, तो आधी विचारून घ्यावा. पहिले बोलणे फोनवर चेहरा पाहून उरकता येते हे खरे, पण मसाल्याचा वास काही फोनमधून जात नाही.

अनोळखी माणसाला प्रथम भेटताना एखादी मैत्रीण बरोबर असावी. ती भाव लिहून घेईल, आणि घरच्यांचीही काळजी मिटेल.

कित्येकजणी म्हणतात, कचेरीचा पत्ता नाही म्हणून आमची नोंदणी होत नाही. हा गैरसमज आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी घरच्या पत्त्यावर होते, आणि तिला पैसे पडत नाहीत. कागदावरचा पत्ता घरचा असू द्या. बोलणी तेवढी बाहेर करा.

आता शेवटचे. थोडे स्पष्ट बोलते, रागावू नका. आपण आज ज्या सभागृहात बसलो आहोत, ते हळदीकुंकू, भजन आणि वर्धापनदिन सोडले तर बहुतेक दिवस कुलपात असते. सतरंज्या आहेत, दोन टेबले आहेत, पंखे आहेत, पिण्याच्या पाण्याची सोय आहे. बाहेर महिला मंडळाची पाटी आहे. या पाटीखाली बसलेल्या बाईला कोणी ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणणार नाही. मग आपल्याच भगिनी हॉटेलात टेबल का शोधतात?

‘मंडळाचा बाजार होईल’ अशी शंका काही ज्येष्ठ भगिनींनी मघाशी माझ्याजवळ काढली. ती अगदीच अनाठायी नाही. म्हणून माझी सूचना बेताची आहे. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा ते एक. फक्त सभासदांसाठी. माल साठवायचा नाही, विक्री करायची नाही, केवळ बोलणी. एक नोंदवही ठेवावी, तीत आधी नाव लिहावे. भाडे वीज आणि झाडलोट निघेल एवढेच असावे, आणि त्याची पावती द्यावी. तीन महिने करून पाहावे, नाही पटले तर बंद करावे.

सभागृहाची किल्ली सध्या चिटणीसबाईंकडे असते आणि त्या सकाळी शाळेत शिकवायला जातात. दुसरी किल्ली करून ती कोणाकडे ठेवायची, एवढे आजच्या फराळाआधी कार्यकारिणीने ठरवावे, अशी माझी विनंती आहे.