'येस' टाइप करण्याआधी

आजचा भाग छोटा आहे. विषय आहे एसएसएच, जे आपण रोज वापरतो आणि म्हणूनच नीट बघत नाही.

आधी थोडा इतिहास. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरले. तेव्हा दूरच्या युनिक्स मशीनवर जायला टेलनेट नाहीतर आरलॉगिन असायचं. दोन्हींत सगळा मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जायचा. तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी मोफत दिलं. त्याला पोर्ट मिळाला 22, एफटीपीचा 21 आणि टेलनेटचा 23 यांच्या मधला. आज आपल्या मशीनवर बहुधा ओपनएसएसएच असतं, ते ओपनबीएसडीवाल्यांनी 1999 मध्ये आणलं.

मग प्रश्न सुटला ना? मलाही तसंच वाटायचं.

पहिल्या नोकरीत एके दुपारी लॉगिन करताना स्क्रीनभर इशारा आला: होस्टची ओळख बदलली आहे. मी नोन होस्ट्स फाइलमधली जुनी ओळ उडवली, परत कनेक्ट केलं, 'येस' टाइप केलं आणि पासवर्ड टाकला. शेजारचा सिनियर बघत होता.

"कोणाला विचारलंस?"

"काम अडलं होतं."

"मग आत्ता पासवर्ड कोणाला दिलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोच पासवर्ड आमच्या इतर सर्व्हरवरही चालायचा. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केला होता, हे नंतर कळलं. म्हणजे मी वाचलो ते नशिबाने.

एन्क्रिप्शन वाटेतल्या माणसाला ऐकू देत नाही, हे खरं. पण समोर कोण बसलंय, हे होस्ट कीवरूनच कळतं. समोर भामटा असेल, तर आपण त्याच्याशी अगदी सुरक्षितपणे बोलतोय, एवढंच!

म्हणून मी आता तीन गोष्टी पाळतो.

एक, पहिल्यांदा कनेक्ट होताना फिंगरप्रिंट ताडून बघतो. तो अ‍ॅडमिनकडून फोनवर घ्यायचा किंवा क्लाउडच्या कन्सोलवर बघायचा. ओळख बदलल्याचा इशारा आला, की आधी विचारायचं, मग ओळ उडवायची.

दोन, पासवर्डऐवजी की. एड25519ची जोडी बनवायची, तिला पासफ्रेज लावायचा. प्रायव्हेट की लॅपटॉप सोडत नाही, जाते फक्त सही. आणि ती त्या सेशनपुरतीच असते, त्यामुळे भामट्याला ती खऱ्या सर्व्हरवर वापरता येत नाही. अर्थात, खोट्या सर्व्हरवर आपण सुडोचा पासवर्ड टाइप केला, तर तो गेलाच. म्हणून पहिली गोष्ट सुटत नाही.

तीन, सर्व्हरवर पासवर्ड लॉगिन बंद. पण ते करताना चालू सेशन उघडं ठेवा आणि दुसऱ्या विंडोतून की चालते का बघा. नाहीतर स्वतःच बाहेर राहाल!

डेटाबेसचा पोर्टही इंटरनेटवर उघडा ठेवू नका, एसएसएचच्या टनेलमधून जा.

दारावर कडी भक्कम आहेच. पण बेल वाजली, की आधी "कोण आहे?" विचारायचं. भेटू पुढच्या भागात!