कोणत्या जनावरात?

आज पदवी घेणाऱ्या पशुवैद्यक स्नातकांनो,

कांद्याचा भाव पडला की आपल्याकडे तो पुष्कळदा जनावरांपुढे टाकला जातो. फुकटचा चारा, आणि तोही नैसर्गिक. काही दिवसांत एखादी गाय खाणे सोडते, लघवी तांबूस होते, डोळ्याची आतली त्वचा पांढुरकी पडते. रक्ताची काच न्यू मिथिलिन ब्ल्यूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तांबड्या पेशींच्या कडेला निळे ठिपके चिकटलेले दिसतात. या हाइन्झ बॉडीज तुम्ही पाठ केल्या आहेत. कांद्यातल्या गंधकयुक्त संयुगांनी हीमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण केले, ते बिघडून पेशीच्या आवरणाला चिकटले, आणि अशा पेशी शरीर मोडीत काढू लागले. कुत्र्या-मांजरांनाही हा त्रास सहज होतो, तर शेळ्या-मेंढ्या बराच कांदा सोसतात. आणि माणसांच्या आहारशास्त्रात हाच कांदा त्यातल्या क्वेर्सेटिनमुळे अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवतो. कांदा तोच असला, तरी एका प्राण्यात तो ऑक्सिडीकरणाचा ताण आणतो आणि दुसऱ्यात हा ताण कमी करील असे सांगितले जाते. म्हणून माझे म्हणणे असे, की अँटिऑक्सिडंट किंवा दाहशामक हे बिरुद एखाद्या वनस्पतीला कायमचे बहाल करता येत नाही. कोणत्या जनावरात, किती मात्रेत आणि काय मोजून, हे सांगितल्याशिवाय त्या दाव्याला अर्थ नाही.

वनस्पतींच्या या गुणांवरचे जनावरांतले संशोधन बहुतेक उंदरांवर झाले आहे. उंदराच्या पंजात कॅराजिनन टोचायचे, सूज येऊ द्यायची, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांची सूज काही तासांनी मोजायची, ही पद्धत 1962 पासून रुळली. याच पद्धतीने लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतल्या श्रीमल आणि धवन यांनी 1973 साली हळदीतल्या कर्क्युमिनचा दाहशामक परिणाम दाखवला. ते काम चोख होते आणि त्यातून पुढे पुष्कळ काही निघाले. पण त्यानंतर प्रबंधांचा एक साचाच पडला. एखाद्या झाडाच्या पानांचा अर्क काढा, उंदराच्या यकृताला कार्बन टेट्राक्लोराइडने इजा करा, अर्क पाजा. मग मॅलॉनडायअल्डिहाइड उतरले, ग्लुटाथिओन आणि कॅटलेज वाढले, की वनस्पती गुणकारी ठरली. यात मॅलॉनडायअल्डिहाइड मोजायला वापरतात ती थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी स्वस्त आहे, पण काटेकोर नाही. शर्करेसारखे इतर पदार्थही त्या नळीत गुलाबी रंग देतात. आणि रंग खरोखर फिका पडला तरी जनावर बरे झाले का, हा प्रश्न उरतोच.

ऑक्सिडीकरणाचा ताण आणणारी मुक्त मूलके म्हणजे निव्वळ शत्रू, ही समजूतही टिकलेली नाही. न्यूट्रोफिल पेशी जिवाणू मारतात त्या सुपरऑक्साइड तयार करूनच. ज्यांच्यात ते तयार करणारे विकर जन्मतःच निकामी असते, त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटने फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. 1994 साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. प्रयोगशाळेतला तर्क पटण्याजोगाच होता, शरीराने मात्र तो मानला नाही.

हळदीचा हिशेबही एकदा मांडून पाहा. समजा उंदराला किलोमागे 200 मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले. रूढ सूत्राप्रमाणे माणसासाठी त्याला सुमारे सहाने भागतात. साठ किलोच्या माणसाला रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन लागेल. हळदीत ते तीन टक्के धरले तर पासष्ट ग्रॅमच्या आसपास हळद झाली. एवढी रोज कोणी खात नाही. शिवाय खाल्लेले रक्तात उतरले पाहिजे. 1998 साली बेंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तात ते जवळजवळ सापडलेच नाही. मिऱ्यातले पायपरिन जोडीला दिल्यावर शोषण माणसांत 2000 टक्क्यांनी वाढले, उंदरांत केवळ 154 टक्क्यांनी. उंदीर आणि माणूस यांत इतके अंतर असेल, तर चार कप्प्यांच्या पोटाच्या म्हशीचे काय? तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव वनस्पतीची कित्येक संयुगे आतड्यापर्यंत पोचण्याआधीच मोडून टाकतात. कधी ते पथ्यावर पडते. सरकीच्या ढेपेतले गॉसिपॉल मोठी गाय बऱ्यापैकी पचवते, कारण ते कोठीपोटातच बांधले जाते. वासराला आणि कोंबडीला मात्र ते बाधते. हे गॉसिपॉल प्रयोगशाळेतल्या नळीत अँटिऑक्सिडंट म्हणून उत्तम गुण मिळवते, हे जाता जाता सांगायला हवे.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा येईल. हळद आपण पिढ्यान्‌पिढ्या जखमेवर लावतो. पेटंटच्या लढाईत ती सिद्धही झाली, असे म्हटले जाते. ती लढाई मोठीच होती. हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत 1995 साली दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने 1997 मध्ये रद्द करवून घेतले. पण तिथे वाद होता तो ज्ञान नवे आहे की जुने, याचा. जुने आहे एवढे ठरले. हळदीने जखम किती लवकर भरते, हा त्या वादाचा विषयच नव्हता. आणि जखमेवरचा लेप चांगला असला म्हणून खाद्यात मिसळलेली भुकटी कासदाह बरा करील, असे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उंदीर नकोत तर सुरुवात कुठून करायची? उंदीर हवेतच. चिनी संशोधक तू यूयू यांच्या हिवतापावरच्या आर्टेमिसिनिननेही आधी प्राण्यांतच गुण दाखवला होता. माझी तक्रार उंदरापाशी थांबण्याबद्दल आहे, आणि तुमच्यापुढे तर तिला विशेष जागा आहे. माणसाच्या डॉक्टरला उंदरावरून माणसाचा अंदाज बांधावा लागतो. तुमचा रुग्णच जनावर आहे, त्यामुळे प्रश्न थेट त्याच्यावरच तपासता येतो. ओहायोत 1980 च्या दशकात दुभत्या गायींना विण्याच्या सुमारास ई-जीवनसत्त्व आणि सेलेनियम देऊन कासदाह कमी होतो का, हे गायींमध्येच पाहिले गेले आणि उत्तर होकारार्थी आले. ते काम आजही खाद्याच्या शिफारशींत आहे. उलट बाजूला डायक्लोफेनॅक उभे आहे. गुरांच्या दाहावर ते उपयोगी पडले, पण त्या गुरांचे मृतदेह खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. 2004 साली कारण उघड झाले आणि भारताने 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केले. त्याला पर्यायी औषध मेलोक्सिकॅम गिधाडांना चालते, हे गिधाडांवर तपासल्यावरच कळले.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि घाईचा. प्रतिजैविके कमी करायची आहेत. युरोपने वाढीसाठी ती देणे 2006 पासून थांबवले, भारताने 2019 मध्ये पशुखाद्यातले कोलिस्टिन बंद केले. मग वनस्पतीजन्य पूरक खाद्य वापरायला काय हरकत आहे? हरकत काही नाही, पुरावा हवा. त्याला महागडी यंत्रे लागतातच असे नाही. चिठ्ठ्या टाकून जनावरांचे दोन गट पाडायला पैसे लागत नाहीत. कोणत्या गटाला काय दिले हे मोजणाऱ्याला न सांगणेही फुकट आहे. दुधाची रोजची नोंद, कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट, पिलांचे वजन, मरतूक, एवढ्या नोंदींवरूनही ग्लुटाथिओनच्या आकड्यापेक्षा पशुपालकाच्या कामाचे उत्तर मिळते.

खाद्य कंपनीचा प्रतिनिधी रंगीत पत्रक घेऊन तुमच्या दवाखान्यात येईलच. त्याला बसवा, चहा द्या, आणि विचारा की हा प्रयोग कोणत्या जनावरात झाला, मात्रा किती होती, मोजले काय. उत्तर उंदरापाशी थांबले तर तुमच्या तालुक्यातल्या वीस-तीस म्हशींवर, मालकांची संमती घेऊन, स्वतः तपासा. आणि गुण आला नाही, तर तेही तितक्याच ठळकपणे छापायला पाठवा.